आधी लगीन कोंढाण्याचं

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला, तेव्हा मी सकाळच्या डब्यासाठी मटकी उपसत होते. आधी नुसता पाण्याचा आवाज. मला वाटलं, हिच्या घरचा पाइप फुटला. मग तू कुजबुजलीस, "ताई, आम्ही लग्न करावं का गं?" अगं, बाथरूमचा नळ सोडून विचारायचा प्रश्न आहे का हा? पण हसत नाही हं तुला. मी हाच प्रश्न माझ्या मावसबहिणीला कपड्यांच्या कपाटात शिरून विचारला होता, आणि बाहेर येताना हँगर डोक्यात अडकला होता.

रात्री नीट बोलणं झालं नाही, म्हणून आता लिहून पाठवते. चहा घे आणि पोरगा झोपला असेल तेव्हाच वाच, नाहीतर तो फोन तोंडात घालेल.

सगळं एकदम अंगावर आलंय ना? पोर चौदा महिन्यांचं. जन्म तुझ्या जोडीदारणीनं दिला, रात्री जागलीस तू. ती इथली, अमेरिकेची सिटिझन, आणि तुझा एच-वन व्हिसा दर तीन वर्षांनी पोटात गोळा आणतो. कोल्हापुरात आई म्हणते, "पोर झाल्यावर कसलं लगीन, बायांनो?" तिकडे तिची आई तारीख विचारून विचारून थकली, कारण तिला विमानाचं तिकीट स्वस्तात काढायचंय. आणि तू स्वतः गेली दहा वर्षं सगळ्यांना सांगत आलीस की लग्न म्हणजे बायकांना बांधायचा खुंटा. आता त्याच खुंट्याकडे आपल्या पायानं चालत जायचं म्हणजे थोडी लाज वाटणारच. वाटू दे. लाजेनं कुणी मरत नाही, मी उदाहरण आहे.

खरं सांगू का, तुझा प्रश्न एक नाहीये. तू दोन प्रश्न एकाच कुकरला लावलेस, म्हणून एक कच्चा राहतोय आणि दुसऱ्याचा लगदा होतोय. तुम्ही दोघींनी लग्न करायचं का, हा एक. आणि कायद्याच्या नजरेत तू या पोराची आई आहेस का, हा दुसरा. बहुतेक जणींना वाटतं की पहिला सुटला की दुसरा आपोआप सुटतो. मलाही वाटलं होतं, आणि तिथंच मी तोंडावर आपटले.

२०१८ ची गोष्ट. आमची चिऊ साडेतीन वर्षांची. जन्म मी दिलेला, त्यामुळे बर्थ सर्टिफिकेटवर माझं एकटीचं नाव. चिऊ मला ममा म्हणते आणि आमच्या हिला आई. ते कधी ठरलं, कुणी ठरवलं, देव जाणे. मला वाटायचं, काय अडतंय कागदावाचून, घरात दोन दोन आया आहेत की. फेब्रुवारीत बाबांच्या आजारपणासाठी मी पुण्याला निघाले. दोहाच्या विमानतळावर बसले होते, आणि इकडे चिऊचा कान दुखायला लागला, ताप चढला. ही तिला घेऊन दवाखान्यात गेली. काउंटरवर विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?" बघ, ही बाई पालकसभेत भल्याभल्यांना गप्प करते. ती म्हणाली, "मी... मी त्यांच्या घरी राहते." जिवावरचं असतं तर कुणी थांबलं नसतं. पण साधा कान बघायला कायदेशीर पालकाची संमती हवी होती, आणि माझा फोन लागायला चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ चिऊ तिच्या मांडीवर "आई, दुखतंय" म्हणत होती.

परत आले आणि दोन आठवड्यांत लग्न लावलं. घाईत काय काय केलं ते ऐक. मला वाटलं, टाउनशिप ऑफिसात गेलं, सही केली, की झालं. म्हणून पैठणी नेसले, वरून पफर जॅकेट, हातात दोन हार, पेढ्यांचा डबा. शेजारच्या गुजराती बा नुसत्या बघायला आल्या होत्या, स्नीकर्स घालून. काउंटरपलीकडची बाई शांतपणे म्हणाली, अठ्ठावीस डॉलर, एक प्रौढ साक्षीदार, आणि लायसन्स मिळेल बहात्तर तासांनी. न्यू जर्सीत अर्ज आणि लायसन्स यांच्यामध्ये तीन दिवस थांबावं लागतं, हे मी वाचलंच नव्हतं. बांनी साक्षीदार म्हणून सही केली, तिथल्या तिथे पेढे वाटले, आणि हार तीन दिवस फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी राहिले. लग्नाच्या फोटोत मी नाक आक्रसलेली दिसते ना, ते भावनेनं नव्हे.

मग ते सर्टिफिकेट घेऊन मोठ्या तोऱ्यात वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अभिनंदन. आता मुलीचं कधी करताय?" मी म्हटलं, मुलीचं काय? तेव्हा त्यांनी समजावलं. लग्न आजपासून पुढं चालतं, मागं जात नाही. लग्नात मूल झालं तर आईच्या जोडीदाराला पालक धरायचा रिवाज कायद्यात आहे, पण आधी जन्मलेल्या मुलाला तो आपोआप लागत नाही. म्हणजे इतकं सगळं करून चिऊच्या बाबतीत आमची ही अजून "त्यांच्या घरी राहते" तीच होती.

तू म्हणशील, आधी लग्न केलं असतं आणि सर्टिफिकेटवर दोघींची नावं आली असती, तर झालं असतं ना? नावं येतात, हे खरं. आर्कान्सा राज्य दुसऱ्या आईचं नाव घालायला तयार नव्हतं, तेव्हा २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना सांगितलं की नवराबायकोंना जे देता तेच यांनाही द्या. पण बर्थ सर्टिफिकेट म्हणजे सरकारी दप्तरातली नोंद, कोर्टाचा निकाल नाही. २०२३ मध्ये ओक्लाहोमात एका खालच्या कोर्टानं लग्न झालेल्या, सर्टिफिकेटवर नाव असलेल्या बाईला सांगितलं की तुम्ही मूल दत्तक घेतलं नाहीत, तेव्हा तुमचा हक्क नाही. ते वाचून मी त्या रात्री जेवले नाही गं. आमचे कागद तोवर झालेले होते, तरी.

याच्या उलट दत्तकाचा हुकूम. जॉर्जिया राज्यात एका बाईनं जोडीदारणीची तीन मुलं कोर्टातून दत्तक घेतली होती. दोघींचं पुढं फाटलं. राहत होत्या अलाबामात, आणि तिथलं वरचं कोर्ट म्हणालं, आम्ही जॉर्जियाचा हुकूम मानत नाही. मार्च २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं एकमतानं ते उलटवलं: एका राज्याच्या कोर्टाचा दत्तकाचा निकाल दुसऱ्याला मानावाच लागेल. फरक कळतोय ना? ओहायोला तिच्या आईकडे नाताळाला गेलात आणि वाटेत कुठल्याशा गावात पोरगं पडलं, तर पर्समध्ये हा एक कागद हवा.

म्हणून सांगते, आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं. तानाजीनं पोराचं लग्न मागं ठेवलं, तुम्ही स्वतःचं ठेवा.

आता तुझ्या पोटात काय येणार तेही मला ठाऊक आहे. "स्वतःच्याच पोराला दत्तक घ्यायचं?" आमच्या हिनं तर ताट बाजूला सारलं होतं. म्हणाली, "नाळ पडेपर्यंत अंघोळी मी घातल्या, आणि आता कोण एक जज मला विचारणार मी लायक आहे का?" तिचं चूक नव्हतं. अपमान आहेच तो. घरात पुरुष असता तर त्याला कुणी विचारलं नसतं. मी तिची समजूत काढली नाही, दोन दिवस तिला रागावू दिलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, फॉर्म आण. तूही रागाव. पण फॉर्म तेवढा आण.

आमच्या वेळी घर बघायला एक बाई आली होती. होम स्टडी म्हणतात त्याला. मी आठवडाभर घर घासत होते, लोणच्याच्या बरण्यासुद्धा लपवल्या, का ते विचारू नकोस. बारा माणसांचे पोहे केले. बाईनं पाहिलं काय, तर पोर झोपतं कुठं, औषधं कुठं ठेवता, आणि स्मोक डिटेक्टर चालतो का. अगं, नेमका तोच! मोहरी तडतडली की कोकलतो म्हणून मी त्याची बॅटरी काढून ठेवली होती, आणि ती चिऊच्या खेळण्यातल्या बदकात घातली होती. बाईंसमोर बदकाचं पोट उघडलं. त्यांनी वहीत काय लिहिलं माहीत नाही, पण जाताना पोहे बांधून नेले. तर तू आजच बॅटरी बघ. आणि पोहे चार जणांचेच कर.

लग्न आणि दत्तक वेगळं कसं, ते बघायचंय? मिशिगनच्या एप्रिल डिबोअर आणि जेन राउस तुला माहीत आहेत का? माहीत असायलाच हव्यात. डेट्रॉइटजवळच्या हेझल पार्कमधल्या दोघी नर्स. जन्मापासून अडचणी घेऊन आलेली, कुणाला नको असलेली बाळं त्यांनी घरी आणली, वाढवली. पण मिशिगनमध्ये जोडीनं दत्तक घ्यायचा हक्क फक्त लग्न झालेल्यांना होता. मग काही मुलं एकीच्या नावावर, काही दुसरीच्या. २०११ मध्ये एकदा रस्त्यावर त्यांचा अपघात होता होता वाचला, आणि घरी आल्यावर दोघींना घाम फुटला: आपल्यातली एक गेली असती, तर तिच्या नावावरची मुलं दुसरीच्या घरात राहिली असती का? २०१२ मध्ये त्या कोर्टात गेल्या. लग्नासाठी नव्हे हं, एकमेकींची मुलं दत्तक घेता यावीत म्हणून. जज बर्नार्ड फ्रीडमन म्हणाले, तुमची खरी अडचण लग्नबंदी आहे, आव्हान तिलाच द्या. दिलं. २०१४ मध्ये फ्रीडमननी त्यांच्या बाजूनं निकाल दिला, वरच्या कोर्टानं तो फिरवला, आणि मग हा दावा इतर राज्यांतल्या दाव्यांबरोबर सुप्रीम कोर्टात गेला. २६ जून २०१५ ला जो निकाल लागला आणि देशभर लग्नं सुरू झाली, त्यात या दोघी होत्या. ऑगस्टमध्ये त्यांचं लग्न लागलं, आणि लावलं कुणी, तर त्याच फ्रीडमननी! त्यानंतर त्याच वर्षी मुलांच्या दत्तकाचे कागद झाले. बघ, देशाचा कायदा बदलून झाला, तरी त्या दोघी ज्या कामासाठी कोर्टात गेल्या होत्या, ते त्यांना परत जाऊन करावंच लागलं.

तुझं नशीब बरं की तू न्यू जर्सीत आहेस. इथं कोर्टानं १९९५ मध्येच लग्नाविना दुसऱ्या आईला दत्तकाची वाट मोकळी केली. त्यामुळे तारखेसाठी थांबायची गरज नाही. उलट एक गंमत सांगते. दत्तकाच्या खर्चावर फेडरल टॅक्समध्ये सवलत आहे, पण लग्नाच्या जोडीदाराचं मूल दत्तक घेतलं तर ती मिळत नाही. लग्न न झालेल्या जोडीला मिळू शकते. मी आधी लग्न करून बसले, त्यामुळे ती माझ्या हातून गेली. आमची ही अजून दर एप्रिलला त्याची आठवण काढते. दुसऱ्या बाजूनं, लग्न झालेलं असलं की सावत्र पालकाची वाट काही ठिकाणी थोडी सोपी पडते, होम स्टडीत सूट वगैरे. तेव्हा क्रम कुठला, ते वकीलबाईंना विचारून ठरव. मी हार नेऊन ठरवलं होतं.

आता राहिलं लग्न. ते पोराच्या नावानं करू नका, एवढंच माझं म्हणणं. उद्या तो मोठा होऊन ऐकेल की "तुझ्यासाठी केलं", आणि तोंड फिरवेल. तुमच्यासाठी करा, आणि हिशेबानं करायला लाजू नका. आपल्या आज्यांची लग्नं काय चांदण्यात ठरली होती? गहू किती, म्हैस दुभती आहे का, हे बघूनच ठरली.

तुझं ग्रीन कार्ड घे. नोकरीच्या रांगेत आपल्याकडच्या लोकांचे केस पिकतात. सिटिझनच्या लग्नाच्या जोडीदाराला ती रांग नाही, आणि २०१३ पासून आपल्यासारख्या जोड्यांनाही तेच लागू आहे. तू म्हणालीस, "मग तिला वाटेल मी कागदासाठी करतेय." अगं, नऊ वर्षं तिचं घोरणं ऐकतेस, आता कुणाला काय वाटायचं राहिलंय? कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते आधी दोन वर्षांचंच मिळतं, मग परत पुरावे द्यायचे. तेव्हा किराणाच्या पावत्यासुद्धा टाकू नकोस.

विमा बघ. तिच्या कंपनीनं लग्नाविना तुला विम्यात घेतलं, तर त्याची किंमत बहुतेक वेळा तिच्या पगारात धरून कर कापतात. लग्न झालं की ते थांबतं. उलट आत्ता ती हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून टॅक्स भरत असेल, ते जाईल. एका रविवारी दोन्ही आकडे मांडा. सोशल सिक्युरिटीचं मात्र ऐकून ठेव: एक गेली तर मागं राहिलेलीला मिळायला साधारण नऊ महिन्यांचं लग्न लागतं. असलं अशुभ का बोलते? कारण एडी विंडसरचं मला विसरता येत नाही. ती आणि तिची जोडीदारीण थिया चाळीसहून जास्त वर्षं एकत्र, २००७ मध्ये टोरांटोत जाऊन लग्न केलं, २००९ मध्ये थिया गेली, आणि सरकारनं एडीला ३,६३,०५३ डॉलर वारसाकर लावला. नवरा मेला असता तर शून्य. ती भांडली आणि २०१३ मध्ये जिंकली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. आपण ती फळं आयती खातोय, निदान ताटली तरी पुढं करू.

कायदा परत फिरला तर, ही भीती मलाही आहे. पण २०२२ च्या जानेवारीत न्यू जर्सीनं हे लग्न स्वतःच्या कायद्यात लिहून घेतलं, आणि त्याच डिसेंबरात वॉशिंग्टननं कायदा केला की एका राज्यात रीतसर झालेलं लग्न केंद्र आणि बाकी राज्यं मानतील. केलेलं लग्न बऱ्यापैकी पक्कं आहे.

आणि फाटलं तर? विचार की मोकळेपणानं. लग्नात मोडायचीसुद्धा रीत असते, कुणाला काय मिळेल ते ठरतं. नुसतं एकत्र राहून मोडलं तर सोफ्यावरून भांडाल, आणि दत्तक झालं नसेल तर पोरावरून भांडताना तुझी बाजू लंगडी पडेल. उद्या दोघींनी शांतपणे ठरवलं की लग्न नको, तरी माझा राग नाही. मग दत्तक, मृत्युपत्र, पोराचा पालक कोण ते, आणि आजारपणात निर्णय कुणाचा तो कागद, हे चार करा. ग्रीन कार्ड आणि सोशल सिक्युरिटी तेवढी मिळणार नाही. पण दत्तक होईपर्यंत, या आठवड्यातच, तिच्याकडून पोराच्या औषधपाण्याचं संमतिपत्र सही करून घे. ते मी सांगतेय म्हणून कर, वाद घालू नकोस.

कोल्हापूरचं जरा नाजूक आहे. तिथं हे लग्न कागदावर काहीच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असं लग्न हा मूलभूत हक्क नाही, संसदेनं बघावं. जोडीनं दत्तक घ्यायलाही तीन विरुद्ध दोन अशी ना आली. तेव्हा तू एकटी पोराला घेऊन आजीकडे जाशील तेव्हा तिचं नोटरी केलेलं प्रवासाचं पत्र बरोबर ठेव. आईला मात्र कोर्टाचं काही सांगू नकोस. तिला विचार, रुखवतात काय ठेवायचं. माझ्या आईनं पाच महिने माझा फोन घेतला नव्हता. मग अचानक एक दिवस विचारलं, "तिच्या घरचे गोड काय खातात?" मी घाबरून "चीजकेक" म्हटलं. पुढच्या महिन्यात पार्सल आलं: चार किलो चिरोटे आणि चिठ्ठी, 'तो चीजकेक इथं मिळत नाही.' तुझी आई "कसलं लगीन" म्हणाली ना, त्यात "बायांनो" म्हणाली. दोघींना धरून म्हणाली. ऐकलंस का तू ते?

आता नळ बंद कर आणि तिलाच विचार, स्वयंपाकघरात, दिवा लावून. ती कदाचित महिनाभर हेच विचारायला घाबरत असेल.

शनिवारी अकराला या. वकीलबाईंचा नंबर आणि आमची फाईल काढून ठेवते. लाल फाईल घ्या, निळीत मिक्सरची गॅरंटी कार्डं आहेत. पोराला दहीभात मी भरवेन. आणि येताना बॅटऱ्या आण, बदक परत बंद पडलंय आणि मला मोह होतोय.